सहा नंबरच्या काउंटरची तक्रार

जेवणाच्या टेबलाच्या डाव्या टोकाला साबण, मीठ, टूथपेस्ट आणि बिस्किटांचे तीन पुडे रांगेने मांडलेले होते. उजव्या टोकाला सासूबाई गिऱ्हाईक म्हणून बसल्या होत्या. मधे ती उभी होती आणि हातातल्या टॉर्चचा उजेड एकेका वस्तूच्या मागच्या काळ्या रेघांवर पाडत होती.

"बीप," ती म्हणाली.

"हे तोंडाने म्हणायचं असतं का गं?" सासूबाईंनी विचारले.

"नाही आई, तिथं यंत्र म्हणतं."

"मग जरा यंत्रासारखं म्हण. तू अगदी माफी मागितल्यासारखं म्हणतेस."

खिडकीशी घड्याळ घेऊन उभा असलेला नवरा ओरडला, "छत्तीस सेकंद! सहा वस्तू, छत्तीस सेकंद. म्हणजे मिनिटाला दहा. बारा पाहिजेत ना?"

"बारा पाहिजेत," ती म्हणाली आणि मिठाचा पुडा पुन्हा डाव्या टोकाला नेऊन ठेवला.

सव्वीस वर्षे तिने एका प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासले होते. नळीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर क्रमांक, क्रमांक वहीत. सव्वीस वर्षांत एकाही माणसाचे रक्त दुसऱ्याच्या नावावर गेले नव्हते. मग प्रयोगशाळेत एक मोठे यंत्र आले. ते तिचे दिवसभराचे काम वीस मिनिटांत करत असे आणि त्याला जेवायची सुट्टी लागत नसे. ती घरी आली. पहिल्या महिन्यात तिने स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. दुसऱ्या महिन्यात चिठ्ठ्यांवर तारखा घातल्या. तिसऱ्या महिन्यात चिकटवायला काही उरले नाही.

कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटच्या दारावर 'काउंटरसाठी माणसे हवीत' अशी पाटी दिसली, तेव्हा ती दोन दिवस पाटीसमोरून नुसती येत-जात राहिली. तिसऱ्या दिवशी आत गेली. घरी येऊन सांगितल्यावर नवरा म्हणाला होता, "तू? माणसांत?"

"सव्वीस वर्षं मी त्यांचं रक्तच पाहिलंय," ती म्हणाली होती. "चेहरे पाहायचे राहून गेलेत."

एवढे लांब वाक्य ती सहसा बोलत नसे. म्हणून पुढे कुणी काही विचारले नाही.

मॅनेजरने पाच दिवसांची चाचणी ठेवली होती. काउंटरच्या पडद्यावर कोपऱ्यात एक बारीक आकडा असे. पहिली वस्तू उचलल्यापासून बिल हातात देईपर्यंतचा वेळ यंत्र मोजायचे आणि मिनिटाला सरासरी किती वस्तू झाल्या ते दाखवायचे. पाचव्या दिवशी तो आकडा बारा असला तर नोकरी, नसला तर नमस्कार. पहिल्या दिवशी तिचा आकडा सहा आला होता, कारण ती प्रत्येक वस्तूची मुदत वाचत होती. चौथ्या दिवशी अकरा आला. उद्या पाचवा.

"जमेल गं," नवरा म्हणाला. "अडचण काय आहे नेमकी?"

तिने प्रामाणिकपणे विचार केला. "माझ्याकडे कुणी येत नाही. शेजारच्या पाच नंबरवर एक मुलगी आहे, सगळे तिला 'विमान' म्हणतात. तिच्याकडे आठ जण उभे असले तरी नववा माणूस तिकडंच जातो."

हे सांगताना तिला फक्त निरीक्षण नोंदवायचे होते. पण नवऱ्याने तेहेतीस वर्षे बसची वेळापत्रके आखली होती. रिकामी बस आणि भरलेली बस यांपलीकडे जगात तिसरी अडचण असू शकते, हे त्याला माहीत नव्हते. त्याने घड्याळ खिशात घातले आणि आईकडे पाहिले. आईने त्याच्याकडे पाहिले. ती मीठ जागेवर ठेवायला आत गेली होती, त्यामुळे तिने यांतले काही पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे सुरळीत चालले. अकरा वाजता पडद्याच्या कोपऱ्यात १२.१ दिसत होते. तिने तो आकडा दोनदा पाहिला आणि श्वास जपून सोडला, जणू जोरात सोडला तर तो खाली येईल. एवढ्यात सरकत्या पट्ट्यावर एक टूथब्रश आला. एकटाच. त्याच्यामागे नवरा उभा होता. त्याने काळा चष्मा लावला होता.

"नमस्कार, बाई," तो मोठ्यांदा म्हणाला.

पहिल्याच दिवशी तिने एका कागदावर सही केली होती: घरच्या माणसांचे बिल स्वतः करायचे नाही, त्यांना दुसऱ्या काउंटरवर पाठवायचे. घरी हे सांगावे असे तिला सुचलेच नव्हते.

"अहो, पाच नंबरवर जा," ती ओठ न हलवता म्हणाली.

नवऱ्याला वाटले, संकोचतेय. "छे, छे! मला इथंच बिल करायचंय," त्याने मागच्या माणसालाही ऐकू जाईल असे सांगितले. "इथलं काम फार चोख आहे असं ऐकून मी मुद्दाम लांबून आलोय."

"कुठून?" मागच्या माणसाने विचारले.

याची तयारी नवऱ्याने केलेली नव्हती. "तिकडून," तो म्हणाला.

मागे चार माणसे खोळंबली होती. तिने टूथब्रश उचलला. बीप. सभासद कार्ड आहे का, पिशवी हवी का, धन्यवाद. नवऱ्याने पाकिटातली सगळी चिल्लर काढून एकेक नाणे मोजून दिले, कारण परकी माणसे असेच करतात अशी त्याची कल्पना होती. एक वस्तू, सव्वा मिनिट. कोपऱ्यातला आकडा १२.१ वरून ११.९ झाला.

तिने बिलाच्या गुंडाळीचा एक कपटा फाडला, त्यावर वेळ लिहिली आणि पुढे लिहिले: 'ब्रश – मिस्टर.'

दहा मिनिटांनी तो परत आला. या वेळी त्याच्याकडे नेलकटर होते. त्याच्यामागे त्याच्याबरोबर रोज सकाळी फिरायला जाणारे दोघे मित्र उभे होते. एकजण पोस्टातून निवृत्त झालेला, दुसरा शिंपी. पोस्टवाल्याच्या हातात एक मेणबत्ती होती, शिंप्याच्या हातात सुयांचे पाकीट.

"अहो, घरी तीन नेलकटर आहेत," तिच्या तोंडून निघून गेले.

"यांना कसं माहीत?" पुन्हा मागच्याच माणसाने विचारले. तो पावासाठी परत आला होता.

"अंदाजाने," नवरा म्हणाला. "अनुभवी आहेत."

पोस्टवाला पुढे सरकला. त्याला दम भरून सांगितले होते की ओळख अजिबात दाखवायची नाही. पण वीस वर्षांची सवय जिभेवर बसलेली. "काय वहिनी," असे म्हणून तो थांबला, आणि घाबरून पुढे म्हणाला, "म्हणजे, वही... वही कुठं मिळते इथं?"

"तिसऱ्या रांगेत, खालच्या फळीवर," तिने सांगितले. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर न देणे तिला जमत नसे.

आता पोस्टवाल्याला वही आणणे भाग पडले. तो मेणबत्तीचे बिल करून गेला आणि वही घेऊन पुन्हा रांगेत लागला. ११.२.

पाच नंबरवर विमान मोकळे बसले होते. तिकडून हाक आली, "काका, इकडे या ना! इथं कुणीच नाही."

"नको बेटा," शिंपी म्हणाला. "आम्हाला इथं बरं वाटतं."

दुपारपर्यंत नवऱ्याचा सिद्धांत खरा ठरला. रांग पाहून लोक रांगेत येऊ लागले. एका बाईंनी शिंप्याला हळूच विचारले, "इथं काही फुकट मिळतंय का?" शिंप्याने गंभीरपणे सांगितले, "नाही, पण माणूस चांगला आहे." बाईंनी थोडा विचार केला आणि ट्रॉली लावली. सहा नंबरसमोर पहिल्यांदाच दहा माणसे उभी होती. त्यांत दर तिसरा माणूस एक खोडरबर, एक आगपेटी किंवा एक लिंबू घेऊन उभा होता आणि खिशातली नाणी चाचपत होता. प्रत्येक बिलागणिक आकडा थोडा घसरत होता. नवरा बिस्किटांच्या फळीआडून रांगेकडे पाहत होता. रिकामी बस भरल्याचा आनंद त्याच्या काळ्या चष्म्यातूनही दिसत होता.

तिला ओरडावेसे वाटले, की एका वस्तूच्या बिलाला पैसे द्यायला-घ्यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वीस वस्तूंच्या बिलाला लागतो. तुम्ही मला बुडवताय. पण ती ओरडणाऱ्यांतली नव्हती. ती कपट्यावर लिहीत राहिली: 'लिंबू – शिंपी. आगपेटी – मिस्टर (तिसऱ्यांदा).'

अडीच वाजता सासूबाई आल्या. ठेवणीतले कपडे, हातात काठी, काखेत सहा अंड्यांचा डबा. ब्याऐंशी वर्षांच्या त्या बाईने सुनेकडे असे पाहिले, की क्षणभर तिलाच शंका आली, आपण एकमेकींना ओळखतो ना?

"अहो बाई, याचं बिल करा," सासूबाई म्हणाल्या.

सत्तावीस वर्षांत त्यांनी तिला पहिल्यांदाच 'अहो' म्हटले. तिचा हात डब्यावर गेला आणि सवयीने झाकण उघडले गेले. एकेक अंडे तिने उजेडात फिरवले. चौथे तडकलेले होते. अशा वेळी घंटा वाजवून मदतनिसाला बोलवायचे, हे तिला शिकवलेले होते. पण सदोष नमुना दुसऱ्याच्या हाती सोपवायचा नाही, हे त्याच्याही आधी शिकवलेले होते. ती उठली, दुकानाच्या पार टोकाला गेली, दुसरा डबा घेतला, तोही तपासला, आणि परत आली. चार मिनिटे गेली होती. रांगेतल्या लोकांनी माना वाकड्या करून तिला येताना पाहिले.

"एवढा वेळ?" सासूबाई करड्या आवाजात म्हणाल्या.

"एक तडकलेलं होतं आ..." ती थांबली. "आजी."

"हं," म्हणून सासूबाईंनी पैसे दिले, डबा काउंटरवरच ठेवला, काठी टेकत दाराजवळच्या मदतकक्षापाशी गेल्या आणि तक्रारीचा फॉर्म मागितला.

नवरा फळीआडून धावत आला. "आई, हे काय करतेस?" तो कुजबुजला.

"परक्यासारखं वाग म्हणालास ना? परकं माणूस एवढा वेळ उभं राहिल्यावर गप्प बसेल का? तू आणलेले सगळे नुसते हसतायत. कुणाला खरं वाटेल?" त्यांनी चष्मा चढवला आणि खुर्चीवर बसून लिहायला घेतले. बराच वेळ लिहीत होत्या. पुढची बाजू संपली तेव्हा त्यांनी फॉर्म उलटला.

तीन वाजता मॅनेजरने तिला केबिनमध्ये बोलावले. केबिन म्हणजे साबणाच्या खोक्यांमधली टेबल मावेल एवढी जागा. मॅनेजर तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान होता आणि बोलताना तिच्याकडे पाहत नव्हता.

"मॅडम, बसा. आकडा नऊ पूर्णांक चार आलाय."

"हो," ती म्हणाली.

"आणि एक तक्रार आहे. लेखी. दुकान उघडल्यापासून एवढी मोठी तक्रार आली नव्हती. वाचून दाखवणं माझं कामच आहे, तेव्हा वाचतो. राग मानू नका." त्याने घसा साफ केला. "'सहा नंबरवरच्या बाई फार हळू काम करतात. अंड्यांचा डबा उघडून एकेक अंडं फिरवून बघतात. म्हाताऱ्या माणसाला एवढा वेळ उभं करणं बरोबर नाही.'"

ती टेबलाच्या कडेकडे पाहत राहिली. नोकरी गेली हे तिला नऊ पूर्णांक चार ऐकतानाच कळले होते.

"'तथापि एक अंडं तडकलेलं निघालं हे लिहिलं पाहिजे, नाहीतर ते खोटं होईल. ते त्यांनी स्वतः जाऊन बदलून आणलं. दुसऱ्या कुणी आणलं नसतं. त्यांचं सगळं असंच असतं. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर दिवसातून चार वेळा त्यांनी घड्याळ लावून थेंब घातले. स्वतःला ताप होता तेव्हाही घातले.'" मॅनेजर थांबला, कागद जवळ धरला आणि पुढे वाचू लागला. त्याचा आवाज आता जरा सावकाश झाला होता. "'मला डाव्या कानाने ऐकू येत नाही हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. त्यांच्या लक्षात आलं. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या माझ्या उजव्या बाजूला बसायला लागल्या. आठ महिन्यांपूर्वी त्यांचं काम सुटलं तेव्हापासून घरात फार शांत आहे. डब्यांना चिठ्ठ्या लावतात. मला बघवत नाही. तोंडावर चांगलं बोलायची मला सवय नाही. तरी त्यांनी वेग वाढवावा ही विनंती.'"

मॅनेजरने फॉर्म टेबलावर ठेवला.

"मॅडम," मॅनेजर म्हणाला, "या गिऱ्हाईकाला तुमच्या घरचं इतकं कसं माहीत?"

तिने चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. "त्या माझ्या सासूबाई आहेत."

"सासूबाई?"

"हो. आणि तो टूथब्रश, नेलकटर आणि आगपेट्या नेणारे माझे मिस्टर. बाकीचे दोघं त्यांचे मित्र." तिने खिशातून कपटा काढून त्याच्यासमोर सरळ ठेवला. "घरच्यांची आणि ओळखीच्यांची अकरा बिलं. तेरा वस्तू, चौदा मिनिटं. घरच्यांचं बिल मी करायला नको होतं. सही केली होती मी. चूक माझी आहे. पण ही बिलं आकड्यात धरू नयेत. ती... स्वच्छ नाहीत."

मॅनेजरने कपटा वाचला. मग दार उघडून बाहेर पाहिले. दाराबाहेर नवरा, पोस्टवाला आणि शिंपी उंचीप्रमाणे उभे होते आणि पोस्टवाल्याने वही छातीशी धरली होती. त्यांच्या पुढे, मदतकक्षातली खुर्ची उचलून आणून, सासूबाई बसल्या होत्या.

"ही बिलं वगळली तर आकडा किती येतो?" मॅनेजरने विचारले.

"अकरा पूर्णांक आठ," ती म्हणाली.

"अगं, बाराच म्हण की!" नवरा दारातून म्हणाला.

"बारा नाही येत. दोनदा काढून पाहिला."

"साहेब, अकरा पूर्णांक आठ म्हणजे बाराच झाले हो. आमच्याकडे दोन मिनिटं उशिरा आलेली बस आम्ही वेळेवरच धरायचो."

"म्हणूनच लोक चिडायचे," ती म्हणाली.

मॅनेजरला हसू आले, ते त्याने दाबले. मग त्याने काहीतरी आठवल्यासारखे संगणकाकडे वळून पाच दिवसांची बिले उघडली. बराच वेळ खाली-वर केली. "एकही बिल रद्द झालेलं नाही," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "विमान रोज नऊ बिलं रद्द करतं. सगळ्या जातींच्या सफरचंदांना एकच क्रमांक मारतं. महिन्याच्या शेवटी मी रात्ररात्र जागून सफरचंदं शोधत असतो." तो तिच्याकडे वळला आणि पहिल्यांदाच नीट पाहिले. "वेग येतो, मॅडम. महिनाभरात येतो. बाकीचं शिकवून येत नाही. उद्या नऊ वाजता या. पण या मंडळींना घरी ठेवा."

नवऱ्याने काळा चष्मा काढला आणि तो पुसण्यासाठी पाठ फिरवली.

"आता ही तक्रार," मॅनेजर फॉर्म उचलून म्हणाला. "आजी, ही तुम्ही मागे घ्या. सासूची तक्रार कशी धरायची आम्ही?"

"का? सासूने पैसे देऊन अंडी घेतली नाहीत?" सासूबाई म्हणाल्या. "मी एक शब्द खोटा लिहिलेला नाही. मागे घेणार नाही."

त्या सुनेकडे पाहत नव्हत्या. सूनही त्यांच्याकडे पाहत नव्हती. दोघी अगदी एकाच खोक्याकडे पाहत होत्या.

मॅनेजरने सुस्कारा सोडला. फॉर्मवर क्रमांक होता, तो वरच्या कार्यालयात जाणार होता आणि त्यातला एकही रकाना रिकामा सोडता येत नव्हता. 'केलेली कारवाई' या रकान्यात त्याने लिहिले, 'संबंधित बाईंना कामावर घेतले.' मग सासूबाईंची खुर्ची टेबलाशी आपल्या बाजूला घेतली आणि फॉर्म त्यांच्यासमोर सरकवला. "इथं खूण करा. तक्रारदाराचं समाधान झालं का. होय किंवा नाही."

सासूबाईंनी पेन हातात घेतले आणि बराच वेळ नुसतेच धरून ठेवले.

"आजचं विचारताय, की सत्तावीस वर्षांचं?"

"तुम्हाला वाटेल ते," मॅनेजर म्हणाला.

त्यांनी डावा हात कागदाभोवती आडोशासारखा धरला, परीक्षेत शेजारच्याला दिसू नये म्हणून मुले धरतात तसा, आणि एक छोटी खूण केली. लगेच फॉर्मची घडी घालून मॅनेजरला दिली आणि काठी शोधू लागल्या.

पण टेबलाच्या पलीकडून उलटे वाचण्यात तिचा हात धरणारे कुणी नव्हते. सव्वीस वर्षे डॉक्टर टेबलाच्या त्या बाजूला बसत आणि ती या बाजूला उभी राहत असे. तिने वाचले. खूण 'होय'समोर होती. मग काहीच वाचले नाही असा चेहरा करून ती उठली.

"जाते मी," ती म्हणाली. "माझ्या काउंटरवर माणसं खोळंबली असतील."